ऐपतीवर नव्हे, कॅसेटवर बोलूया : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

शिमानो कंपनीच्या ड्यूरा-एस या सायकलच्या महागड्या गिअर-ब्रेक संचासाठी जास्तीचे पैसे आपल्याकडच्या हौशी सायकलपटूने मोजू नयेत, त्याच कंपनीचा त्याहून स्वस्त अल्टेग्रा संच पुरेसा आहे, असे मी लिहिले होते. त्यावर आपण कळवता की ड्यूरा-एस हलका असल्याने घाटात फरक पडतो, जुना विकतानाही त्याला भाव येतो, आणि ‘ज्याला परवडत नाही त्याने महाग वस्तूला नावे ठेवू नयेत’. मतभेदाचे मला वाईट वाटले नाही. या शेवटच्या वाक्याचे वाटले, कारण त्यात लेखातील एकाही विधानाला उत्तर नाही; लिहिणाऱ्याचा खिसा तेवढा चाचपलेला आहे.

माझे वडील बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात टर्नर होते आणि शाळेच्या सुट्ट्या मी त्यांच्या लेथपाशी काढल्या आहेत. कोणता धातू कुठे टिकतो, हे मी किंमतपत्रकावरून शिकलेलो नाही. ड्यूरा-एसच्या कॅसेटमधील, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचातील, मोठी चक्रे वजन वाचावे म्हणून टायटॅनियमची केलेली असतात, आणि टायटॅनियम पोलादापेक्षा लवकर झिजते. जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर पावसाळ्यात तांबडी माती चेनच्या तेलात मिसळली की ती दातांवर कानसीसारखी चालते, आणि चढावर नेमकी हीच मोठी चक्रे आपण सर्वाधिक वापरतो. म्हणजे जे आधी झिजणार तेच महाग, आणि बदलायचे झाले तर बेळगावात बसून पुण्याच्या किंवा बंगळूरच्या पार्सलची वाट पाहायची. व्यावसायिक स्पर्धकाला हे चालते, कारण त्याच्या कॅसेटचे पैसे त्याचा संघ भरतो. हे सगळे लेखात होते. त्यातील एका ओळीचाही उल्लेख न करता आपण माझी ऐपत ठरवून मोकळे झालात. याला टीका म्हणत नाहीत, आणि समोरासमोर आपण असे बोलला असता असे मला वाटत नाही.

वजनाबाबत आपले म्हणणे मान्य आहे. ड्यूरा-एस अल्टेग्रापेक्षा सुमारे ३०० ग्रॅमने हलका आहे. मात्र स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतो; केरीकडून चोर्ला घाट चढायला एखाद्याला तासभर लागत असेल, तर त्याचे फार तर १४ सेकंद वाचतील. पाण्याची मोठी बाटली भरून घेतली की याच्या दुपटीहून अधिक वजन आपण स्वतःच चढवतो. गिअर बदलण्याचे म्हणाल, तर २०२१ साली आलेले हे दोन्ही संच मागे १२ गिअरचे आणि बॅटरीच्या विजेवर गिअर बदलणारेच आहेत.

जुन्याच्या भावाबद्दल मी काही लिहीत नाही. विकण्याच्या हिशेबाने सायकल घेणाऱ्यासाठी तो लेख नव्हताच.

आपली कॅसेट किती किलोमीटर चालली आणि बदलताना किती रुपये गेले, हे कळवलेत तर ते मी लेखाखाली आनंदाने जोडीन. माझ्या ऐपतीविषयीची पुढची प्रतिक्रिया मात्र छापली जाणार नाही.