अपील म्हणजे छळ? मामांच्या फॉरवर्डला उत्तर

घरच्या ग्रुपवर मामांनी एक मेसेज ढकललाय. 'तहलका'चे तेव्हाचे संपादक तरुण तेजपाल यांच्यावर गोव्यातल्या एका कार्यक्रमादरम्यान हॉटेलात हाताखालच्या पत्रकार तरुणीवर बलात्कार केल्याचा आरोप होता, त्या प्रकरणाचा दाखला देऊन त्यात म्हटलंय: कोर्टाने सोडलं तरी गोवा सरकार अपिलात गेलं, एका आरोपावर दोनदा खटला घटनाबाह्य आहे, जज स्वतः बाई होत्या, त्यांनाही पटलं नाही, मुलगी फोटोत हसत होती, म्हणजे तक्रार खोटी, अपील हा सरकारी पैशाने छळ, आता तिलाच आत टाका. खाली अंगठ्यांची रांग. एरवी असलं काही मी न वाचता पुढे जाते. पण नुकत्याच नोकरीला लागलेल्या भाचीने मला वेगळं विचारलं, "मग तक्रार करायचीच कशाला?"

दोनदा खटला वगैरे काही नाही. घटनेचं कलम 20(2) आहे ते एकदा खटला चालून शिक्षा झालेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरण्याविरुद्ध. अपील हा त्याच खटल्याचा पुढचा टप्पा. फौजदारी प्रक्रिया संहितेत त्यासाठी कलम 378 होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 419 आहे. आणि तेही सरकारच्या मर्जीवर नाही, आधी हायकोर्टाची परवानगी लागते.

आता ते हसणं. आरोप नोव्हेंबर 2013 चा, म्हापशाच्या सत्र न्यायालयाचा निकाल 21 मे 2021 चा, 527 पानांचा. त्यात तक्रारदार घटनेनंतरच्या फोटोंत हसरी दिसते, घाबरलेली वाटत नाही, पीडितेने वागावं तशी ती वागली नाही, असा सूर आहे. अहो मामा, ती त्या कार्यक्रमात नोकरीवर होती आणि ज्याच्यावर आरोप तो तिचा संपादक. घरात मयत झालं असताना आल्यागेल्याला "चहा घेतलात का" विचारणारी बाई तुम्ही पाहिली नाहीत? तिचं दुःख खोटं ठरवलंत का? जून 2021 मध्ये अपील सुनावणीला आलं तेव्हा हायकोर्टाचे न्या. गुप्ते यांनीच, हा निकाल म्हणजे बलात्कारपीडितेने कसं वागावं याची पुस्तिकाच वाटते, अशा अर्थाचं म्हटलं होतं. त्याआधी निकालातले तिची ओळख उघड करणारे उल्लेखही हायकोर्टाला काढायला लावावे लागले.

"तक्रार खोटी" हे तर मेसेजवाल्याच्या पदरचं. तेजपाल सुटले ते संशयाचा फायदा मिळून. आरोप शंकेपलीकडे सिद्ध झाला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिला आत टाकायचं तर तिने जाणूनबुजून खोटा आरोप केला हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

एक मात्र कबूल करावं लागेल. तपासावर, विशेषतः हॉटेलच्या पहिल्या मजल्याच्या सीसीटीव्ही चित्रीकरणावरून, निकालात जे ताशेरे आहेत ते उडवून लावण्यासारखे नाहीत.

"जज बाई होत्या" याला उत्तर नागपूरचं. बारा वर्षांच्या मुलीच्या अंगाला कपड्यांवरून हात लावला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून पॉक्सोखालचा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालचा) लैंगिक हल्ला होत नाही, असं म्हणून जानेवारी 2021 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने आरोपीला त्या कलमातून सोडलं. तो निकालही महिला न्यायाधीशांचाच. ॲटर्नी जनरल, राष्ट्रीय महिला आयोग आणि महाराष्ट्र सरकार, तिघेही सुप्रीम कोर्टात गेले. 18 नोव्हेंबर 2021 ला तो निकाल फिरला, पॉक्सोची शिक्षा परत लागू झाली. तीन न्यायमूर्तींच्या त्या पीठाचं मुख्य निकालपत्र न्या. बेला त्रिवेदींनी लिहिलं. मामांच्या हिशेबाने मग कुठल्या बाईचं खरं धरायचं?

"सरकारी पैशाने छळ" हा शेवटचा मुद्दा. अपील झालं म्हणजे माणूस आत गेला असं नसतं. चंद्रप्पा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2007 मध्येच सांगितलंय की निर्दोष सुटल्याने आरोपीच्या निर्दोषत्वाचं गृहीतक दुप्पट बळकट होतं, आणि पुराव्यातून दोन अर्थ निघत असतील तर हायकोर्टाने ढवळाढवळ करू नये. राहिलं सरकारचं. फौजदारी खटल्यात फिर्यादी पक्ष सरकारच असतं. 2009 च्या अखेरीपर्यंत सरकार गप्प बसलं तर पीडितेला स्वतःचं अपीलही करता येत नव्हतं. आता येतं, आणि त्या तरतुदीत सरकारसारखी परवानगीची अट लिहिलेली नाही. भाचीला मी हेच कळवलंय.