तुमच्याकडे असं होत नाही ना?

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याची शॉर्टफिल्म नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पायथ्याशी वाहून गेली. म्हणजे ओहोळाला अचानक पाणी आलं, भाड्याचा जनरेटर भिजला, दोन ट्रायपॉड गेले आणि पोरांनी तीन दिवसांचं शूटिंग अर्ध्या दिवसात गुंडाळलं. पोरं सुखरूप. पण घरच्या ग्रुपवर दाजींचा निकाल तासाभरात हजर: "आपल्याकडे प्लॅनिंग नावाचा प्रकारच नाही." आणि खाली खास माझ्यासाठी, "तुमच्याकडे असं होत नाही ना?"

हा प्रश्न मी इथे स्पेनमध्ये बसून बारा वर्षं ऐकतोय. गंगापूर रोडला खड्डा पडला की हा प्रश्न. लाईट गेली की हाच. कुंभाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून गावात रान पेटलं, तेव्हाही कोणीतरी विचारलंच. मी काय बोलणार? गप्प बसलं की शिष्ट, बोललं की दीडशहाणा.

तर दाजी, होतं. तुदेलातल्या माझ्या घरापासून अर्ध्या तासावर झालंय.

बार्देनास रेआलेस म्हणजे करड्या मातीचा, भेगाळलेला उजाड मुलूख. पाऊस फारच थोडा. मधोमध हवाई दलाची बॉम्ब टाकायची सरावभूमी. दर 18 सप्टेंबरला रोंकाल खोऱ्यातले धनगर मेंढरं घेऊन इथे उतरतात. ते सोडले तर बाकी वेळ सिएर्सोचा बोचरा वारा आणि गिधाडं. 2000 साली दिग्दर्शक टेरी गिलियम इथे डॉन किहोतेवरचा (म्हणजे डॉन क्विक्झोट, पवनचक्क्यांना राक्षस समजून लढणारा म्हातारा) सिनेमा करायला आला. बजेट 3 कोटी 20 लाख डॉलर, सोबत जॉनी डेप. पहिल्या दिवशी डोक्यावरून एफ-16 घिरट्या घालायला लागली आणि साऊंडवाल्यानं कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी गारपीट झाली आणि पूर आला. सामान चिखलातून वाहत गेलं. वर ओली होऊन जमिनीचा रंगच बदलला, म्हणजे आदल्या दिवशीच्या शॉटशी काही जुळेना. किहोते करणाऱ्या फ्रेंच नट ज्याँ रोशफोरनं या भूमिकेसाठी महिनोन् महिने इंग्रजी गिरवलं होतं. त्याची पाठ अशी गेली की घोड्यावर बसणं मुश्कील. सिनेमा बंद पडला. विमानांबद्दल इथल्या कोणत्याही म्हाताऱ्यानं सांगितलं असतं, पण विचारतो कोण? हे बघा, प्लॅनिंग. युरोपातलं. आता हे जर्मनी नाही हे मला मान्य आहे, पण तुम्ही तरी कुठे फरक करता? तुमच्या लेखी सगळं 'तिकडे'च.

(मी इथे पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करतो. किहोतेवरचे विनोद माझे ऐकून झालेत.)

पण मला दाजींना सांगायचंय ते पुराचं नाहीच. कीथ फुल्टन आणि लुई पेपे हे दोघं त्या शूटिंगचं शूटिंग करायला आले होते. सिनेमा कसा बनला हे दाखवायचं, एवढंच काम. सगळं कोसळायला लागल्यावर त्यांनाच कॅमेरा चालू ठेवायची लाज वाटायला लागली. गिलियमनंच त्यांना चालू ठेवायला सांगितलं. 2002 साली त्यांची 'लॉस्ट इन ला मांचा' आली. त्यात छत्र्या आहेत, चिखल आहे, विमेवाल्यांची कटकट आहे, आणि पडद्यावर पूर बघताना चेहरा पाडून बसलेला दिग्दर्शक आहे. मूळ सिनेमा पूर्ण व्हायला 2018 उजाडलं. तोवर रोशफोर गेले होते.

आणि आपल्याकडे? भाच्यानं त्या पुराचा व्हिडिओ काढला होता. दाजींनी तो डिलीट करायला लावला. लोक हसतील म्हणून.

जनरेटरपेक्षा मला तो व्हिडिओ गेल्याचं जास्त लागलं. अहो, आपण गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की पोराबाळांना घेऊन गंगेवर बघायला जाणारी माणसं. गावाचा पूर चालतो, घरातला नाही. फाळके आपल्या त्र्यंबकचे, त्यांचा पुतळा हवा, त्यांच्या नावानं चित्रनगरी हवी, आणि ती मुंढेगावला हवी की नको यावर वाद घालायलाही आपल्याला फुरसत आहे. पण 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी लाकडी तलवारी बघून गावकऱ्यांनी फाळक्यांच्या मंडळींना दरोडेखोर समजून पोलिसांत दिलं होतं, ती गोष्ट पोराला एकदा सांगितली असती तर? अर्ध्या दिवसाच्या शूटिंगचं त्याला एवढं तोंड लपवावं लागलं नसतं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. चार परिच्छेद. पाठवायच्या आधी सवयीनं माझेच जुने मेसेज वर सरकवून बघितले, आणि थांबलो.

2020 साली माझं काँट्रॅक्ट संपलं आणि पुढचं मिळालं नाही. सात महिने पारोवर, म्हणजे इथल्या बेकारभत्त्यावर काढले. त्या सात महिन्यांत ग्रुपवर मी काय टाकलं होतं? बाल्कनीतला सूर्यास्त. एब्रोवरचा पूल. वाईनचा ग्लास, खाली "नाशिकची आठवण" वगैरे. ती बाटली शेजारच्या कार्मेननं दिलेली. ताईनं "काम कसंय?" विचारलं, तर मी लिहिलं, "खूप बिझी." पुढे मी टाकलेला अंगठाही अजून तिथेच आहे. मग दाजी 'तुमच्याकडे असं होत नाही ना' विचारणार नाहीत तर काय करतील? त्यांना तिकडचं जे काही माहीत आहे, ते मीच पुरवलेलं आहे.

चार परिच्छेद पुसले.

परवा भाच्याचा वेगळा मेसेज आला. "मामा, ट्रॅशमध्ये सापडला. पप्पांना सांगू नका." चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. तांबडं पाणी, त्यात कोणाची तरी एक चप्पल तरंगत चाललेली, आणि मागून याचाच आवाज, "अरे ट्रायपॉड धर, ट्रायपॉड!" मग सगळे वेड्यासारखे हसायला लागतात. हसतायत! दाजींनी हे नीट बघितलंच नसणार.

मी त्याला लिहिलं, ठेव, पुसू नकोस.

पारोचं ताईला अजून सांगितलेलं नाही. हे वाचलं तर कळेल.