कोकणातल्या वायरी आणि आमचा कट्टा

काल रात्री कट्ट्यावर परत तोच विषय. बंड्या गावावरून आलेला, बॅग खाली ठेवायच्या आधीच सुरू झाला, "सरकारने एवढे पैसे कोकण रेल्वेच्या विजेच्या वायरींत घातले, मिळालं काय? क्रॉसिंगला गाडी अजून थांबतेच ना!"

मी म्हटलं अरे ती थांबते सिंगल लाईनमुळे, ट्रॅक एकच, समोरची गाडी आधी जाऊ द्यावी लागते, वायरीचा काय संबंध. रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर, २०१५ ला वायरींच्या कामाची पायाभरणी, २०२२ च्या मार्चमध्ये काम पूर्ण, खर्च बाराशे कोटींच्या वर. "मग त्यात आधी डबल लाईन करायची होती!" असं कसं होईल, दुसरा ट्रॅक म्हणजे सह्याद्रीतला प्रत्येक बोगदा नव्याने खणायचा, प्रत्येक पूल नव्याने बांधायचा, रोहा ते वीर तेवढं झालंय कारण तिथे जमीन त्यातल्या त्यात सपाट आहे.

आणि करबुड्याचा बोगदा विसरलास का? साडेसहा किलोमीटर. डिझेल इंजिनाच्या वेळी उक्शी स्टेशन गेलं की आई खिडकी ओढून घ्यायची, पदर नाकाला लावायची, तरी तो करपट वास आत यायचाच आणि भोक्याला बाहेर पडलो की रुमालावर काळे ठिपके. आज तिथून उघड्या खिडकीने जातो रे आपण! मला तरी तेवढ्यासाठीच हे पैसे वसूल वाटतात.

भाऊ म्हणाला, वीज कोळशाचीच ना, धूर फक्त जागा बदलतो. बरोबर आहे, पण उद्या ती वीज सोलरची झाली तर इंजिन बदलावं लागत नाही, डिझेल इंजिनाला मात्र बाहेरून आणलेलं तेलच पाजावं लागतं. शिवाय उतारावर ब्रेक मारताना इलेक्ट्रिक इंजिन थोडी वीज परत वायरीत सोडतं, हे त्याला माहीतच नव्हतं.

अण्णा आत्तापर्यंत गप्प होते, आयुष्य डिझेल शेडमध्ये गेलेला माणूस. म्हणाले, "वायरी हव्यातच, मुंबईत १९२५ पासून आहेत. पण कोकणातला पाऊस बघितलाय ना? वायरीवर झाड पडलं की सगळं ठप्प. चार डिझेल इंजिनं तयार ठेवा, भंगारात काढू नका."

यावर बंड्यासुद्धा काही बोलला नाही. मग डबल लाईनचे पैसे केंद्राने द्यायचे की राज्याने यावर जी जुंपली ती चहावाल्याने स्टोव्ह बंद केला तरी चालूच होती.