सबटायटल इंग्लिशच ठेवा

जून जवळ आला की आमच्या घरच्या ग्रुपवर तोच विषय निघतो, पोराला मराठी माध्यमात घालायचं, सेमीला की डायरेक्ट इंग्लिश मीडियमला, आणि मग काका, आत्या, नवीन सुना सगळेच हिरीरीने तुटून पडतात. मी नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला राहते त्यामुळे तुझं काय मत म्हणून मला विचारतातच, आणि माझं मत असं आहे की माध्यमावरून आपण जेवढी डोकेफोड करतो त्याच्या निम्मी जरी घरातल्या टीव्हीवर काय लागतं आणि कसं लागतं यावर केली ना, तर पोरांचं इंग्लिश कुठच्या कुठे जाईल.

इथे मी रोज बघते. इथली बहुतेक मुलं डच माध्यमातच शिकतात, गणित डच, इतिहास डच, सगळं डच. इंग्लिश विषय प्राथमिक शाळेत 1986 पासून सक्तीचा आहे, पण तो शेवटच्या दोन वर्षांपुरता. तरी सुपरमार्केटच्या काउंटरवरचा 16-17 वर्षांचा मुलगा माझ्याशी न अडखळता इंग्लिशमध्ये बोलतो. आता डच आणि इंग्लिश एकाच कुळातल्या भाषा, तो मोठा फायदा आहेच आणि आपल्याला तो नाही, हे मान्य. पण ऑफिसमधल्या डच लोकांना विचारलं की इंग्लिश कुठे शिकलात, तर शाळेच्या आधी टीव्हीचं नाव येतं. इथे अगदी लहान मुलांचे कार्यक्रम सोडले तर इंग्लिश सिरियल आणि सिनेमे डब करत नाहीत, मूळ आवाज तसाच ठेवून खाली डच सबटायटल देतात. शेजारच्या जर्मनीत मात्र सर्रास डबिंग. आणि आपल्याकडे तरी काय वेगळं, राज्य बोर्डाच्या शाळेत हिंदी पाचवीला सुरू होते पण शिनचॅन आणि डोरेमॉन हिंदीत बघून त्याच्या कितीतरी आधी पोरं घरात हिंदी फाडत असतात की!

हे झालं लहानांचं. मला खरी कळकळ आहे ती मोठ्यांबद्दल, ज्यांना इंग्लिश येतं पण एका पायरीवर येऊन अडकलंय. माझी भाची पुण्यात आयटीत आहे, पहिलीपासून इंग्लिश मीडियम. मागे मला म्हणाली, "मावशी, मीटिंगमधलं सगळं समजतं गं, पण कॉल सुरू व्हायच्या आधी ते गोरे लोक आपसात जे बोलतात ना ते काहीच कळत नाही, मग मी नुसतीच हसते. एखादा क्लास लावू का?" तिला म्हटलं क्लास नको, तुझ्याकडे शब्द भरपूर आहेत. वेब आणि रॉजर्स या भाषा-अभ्यासकांनी 2009 मध्ये शेकडो सिनेमांचे संवाद तपासले होते, तर साधारण 3000 शब्दकुळं (म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुळ) आणि विशेषनामं माहीत असली की सिनेमातले 95 टक्के शब्द ओळखीचे निघतात. कुठल्याही इंजिनिअरकडे तेवढे असतातच. अडतं ते कानाला. आपण नाही का "काय करत आहेस" असं कधीच म्हणत नाही, "काय करतोयस" म्हणतो, तसंच इंग्लिश बोलणारेही अर्धे शब्द गिळतात आणि ते आपल्याला पुस्तकात कोणी दाखवलेलं नसतं.

आणि इथे सबटायटल कुठलं हे फार महत्त्वाचं. आमच्याच देशात नायमेखनला मॅक्स प्लांक या संशोधन संस्थेतल्या मिटरर आणि मॅक्वीन या संशोधकांनी चांगलं इंग्लिश येणाऱ्या डच लोकांना 25 मिनिटं अनोळखी ढंगाचं इंग्लिश दाखवलं, काहींना ऑस्ट्रेलियन सिरियल, काहींना स्कॉटिश बोलीतला 'ट्रेनस्पॉटिंग'. ज्यांना खाली इंग्लिश सबटायटल होतं त्यांना नंतर त्या ढंगातली नवीन वाक्यंही जास्त नीट ऐकू आली, आणि डच सबटायटलवाल्यांचं नवीन वाक्यांच्या बाबतीत उलट नुकसान झालं. म्हणजे सुरुवातीला आपल्या भाषेतलं सबटायटल ठीक, पण एकदा इंग्लिश जमायला लागलं की खालीही इंग्लिशच हवं.

दुसरी गोष्ट म्हणजे स्क्रिप्ट वाचायची. बीबीसीने आपल्या कितीतरी सिरियलच्या स्क्रिप्ट फुकट वाचायला ठेवल्यात, अमेरिकन स्टुडिओ अवॉर्डच्या सीझनमध्ये सिनेमांच्या ठेवतात. चाहत्यांनी ऐकून टाइप केलेली असते ती नको, त्यात बहुतेक वेळा नुसते संवाद असतात. खऱ्या स्क्रिप्टचं एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट, त्यामुळे पाच पानं घेतली तरी रात्रीचं काम झालं. आधी तो सीन सबटायटल बंद करून बघायचा, मग चालू करून, मग पानं वाचायची आणि पात्रांबरोबर मोठ्याने म्हणायची. संवादांच्या मधे जी छोटी छोटी वाक्यं असतात ना, कोण कसं उठलं, कोणी खिशात चाव्या चाचपल्या, कोण वेदनेने कळवळलं, तिथे फंबल (चाचपडणं), विन्स (वेदनेने कळवळणं), शफल (पाय घासत चालणं), स्लाउच (पोक काढून बसणं) असली क्रियापदं भरलेली असतात. आपलं इंग्लिश परीक्षेतून आणि ऑफिसमधून आलेलं, त्यात इम्प्लिमेंटेशन असतं पण स्वयंपाकघर नसतं, आणि गोरे लोक कॉलच्या आधी बोलतात ते बहुतेक घरचंच, गळका नळ, मुलांचं आजारपण, तुंबलेलं गटार.

यातून लिहिणं मात्र सुधारत नाही, ईमेल आणि रिपोर्टसाठी वाचायलाच लागतं. आणि राजाराण्यांच्या काळातल्या सिरियल सुंदर असल्या तरी यासाठी नकोत, आजच्या घरातल्या, ऑफिसातल्या निवडा.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्लिश 2000 साली आलं, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, त्यावर तेव्हाही भांडणं झाली आणि अजून चालूच आहेत. पण लहान गावातल्या थिएटरला हॉलिवूडचा सिनेमा हिंदीत डब होऊनच का येतो, मूळ आवाज आणि खाली मराठी का नाही, यावर कोणी भांडताना मला दिसत नाही. ज्या झेडपीच्या शाळेत टीव्ही पोचलाय तिथे आठवड्यातून एक तास मूळ आवाजातला चांगला कार्यक्रम लावायला काय हरकत आहे? लहानांना खाली मराठी, आठवीच्या पुढे इंग्लिश. ग्रुपवरच्या ज्या मंडळींच्या गावातल्या शाळा समितीत ओळखी आहेत त्यांनी हे यंदा नक्की विचारून बघा.