साडेतीनशे रुपयांचं हरीण

आज बालगंधर्वच्या कलादालनात गोंड चित्रांचं प्रदर्शन बघायला गेले होते. चित्रकार मूळचा मध्य प्रदेशातल्या दिंडोरीकडचा, आता पुण्यातच राहतो. एका चित्रापुढून पाय निघेना. हरणाच्या शिंगांना फांद्या फुटलेल्या, फांद्यांवर पाखरं, पाखरांच्या पोटात मासे, आणि सगळं बारीक रेघांनी-ठिपक्यांनी भरलेलं. तेवढ्यात मागून एक काका: "आपल्याकडे काय चित्रकार मेलेत का? सगळं बाहेरच्यांना!" बरोबरच्या बाई: "आणि किमती बघा. नुसते ठिपके तर आहेत."

चित्रकार तीन फुटांवर उभा. त्याला मराठी येतं हो!

बाहेरचा म्हणजे कुठला? चंद्रपूरचा परकोट कोणी बांधला? गोंड राजांनीच ना? गडचिरोलीतले गोंड मग कुठून आलेत, लंडनहून? गोंड चित्रकार भज्जू श्याम भोपाळला रात्रीचा वॉचमन होता, २०१८ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. चित्रकार भुरीबाई भिल्ल समाजातल्या. भोपाळच्याच भारत भवन या कलाकेंद्राच्या बांधकामावर मजुरी करत होत्या, २०२१ ची पद्मश्री त्यांची. आपल्या गेटवर रात्रभर बसणाऱ्याचं आडनाव तरी माहीत असतं का आपल्याला?

हे सगळं मी त्या काकांना सुनावणार होते. नाही सुनावलं. त्या हरणामुळे.

सात-आठ वर्षांपूर्वी एका हस्तकला मेळ्यात मी असंच एक हरीण घेतलं होतं. सहाशे सांगितले, मी साडेतीनशेला पाडलं. निघून जायचं नाटकसुद्धा केलं, मग त्याने हाक मारली. वर घरी येऊन सगळ्यांना ऐकवलं, कसं पटवलं म्हणून. गोंड चित्रकारांमध्ये प्रत्येकाची आतली भरण वेगळी असते, सहीसारखी. आज भिंतीवर तांदळाच्या कण्यांसारख्या त्या रेघा दिसल्या आणि पोटात गोळाच आला. हाच तो.

मान्य, आपल्या पोरांनाही दालनाचं भाडं परवडत नाही. पण तो राग या माणसावर का काढायचा?

त्याला ओळख दिली नाही मी. एका झाडाबद्दल विचारलं फक्त. म्हणाला, हा साजा, यात आमचा बडादेव राहतो. साजा म्हणजे आपला ऐन. वेल्ह्याकडे मामाच्या रानात ढिगाने आहेत, आणि आम्हाला त्याचं जळण तेवढं ठाऊक. इतकं हळू बोलत होता की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. मागे ते काका सोफ्यावरच्या भिंतीचं माप फोनवर कुणाला तरी सांगत होते. जाऊ दे.

छोट्यातल्या छोट्या चित्राची किंमत विचारली. अठरा हजार. आणि खरं सांगते, "काही कमी…" इथपर्यंत जीभ आलीच होती! गिळलं. घेतलं मात्र नाही, तेवढे नव्हतेच.

घरी आल्यावर बाथरूमजवळच्या बोळातून ते हरीण काढलं (हो, तिथेच लावलं होतं), काच पुसली आणि चष्मा लावून ठिपके मोजायला बसले. साडेतीनशेला थांबले. एक शिंगसुद्धा पुरतं झालं नव्हतं.