व्हॉल्व्ह बिघडला म्हणून अंथरूण धरायचं?

‘हृदयाच्या व्हॉल्व्हचा त्रास असणाऱ्यांनी जरूर वाचा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज घराघरांतल्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचा गाभा असा: व्हॉल्व्ह खराब झाला की व्यायाम बंद, कारण ठोके मोजून दिलेले असतात. जिना, चढ, सायकल सगळं वर्ज्य. त्रास जाणवत नसेल तर तपासण्यांवर पैसे घालवू नका. कपालभाती मात्र कितीही करा, तिने व्हॉल्व्ह मोकळा होतो. नाडी ‘२२० वजा वय’ याच्या आत ठेवली की धोका नाही. ऑपरेशननंतर सहा महिने हलू नका. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पालेभाज्या सोडा, दगदगीच्या दिवशी गोळीही सोडा. आधी व्यायाम बंद म्हणायचं आणि पुढे नाडी किती ठेवायची तेही सांगायचं, यातली गंमत लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेली दिसत नाही. खाली कुणा डॉक्टरचं नाव नाही, जोडलेले हात तेवढे आहेत.

मेसेज सरसकट खोटा असता तर बरं झालं असतं. काही रुग्णांनी खरोखरच जोराचा व्यायाम करायचा नसतो. अडचण अशी की ते रुग्ण कोणते, एवढंच त्यात सांगितलेलं नाही.

‘ठोके मोजून दिलेले असतात’

चला, हिशेबच करू. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाचे १,०३,६८० होतात. अर्धा तास झपझप चाललात आणि नाडी ११० वर गेली, तर जादा गेले १,१४०. रोजच्या चालण्याने काही महिन्यांत बसल्या जागची नाडी मिनिटाला फक्त पाचने उतरली, तरी उरलेल्या साडेतेवीस तासांत ७,०५० ठोके वाचले. म्हणजे मेसेजचंच गणित मान्य केलं तरी चालणारा माणूस फायद्यात.

चालण्याने व्हॉल्व्ह झिजतो याला आधार नाही. आपल्याकडे व्हॉल्व्ह बिघडण्याची कारणं बहुतेक वेळा वेगळीच असतात: लहानपणी घसा दुखून आलेला आणि सांध्यांवरून हृदयावर गेलेला संधिवाताचा ताप, म्हणजे रुमॅटिक फिव्हर, उतारवयात व्हॉल्व्हवर साचणारं कॅल्शियम, किंवा जन्मजात दोष. उलट खाटेवर पडून राहिलं की मांड्यांचे स्नायू वितळतात, वजन, बीपी, साखर वाढते, आणि मग न्हाणीघरापर्यंत जातानाही त्याच हृदयाला जास्त राबावं लागतं.

‘जिना, चढ, सायकल सगळं वर्ज्य’

कोणाला? ‘व्हॉल्व्हचा त्रास’ नावाचा एकच एक आजार नसतो. हृदयाला चार व्हॉल्व्ह. त्यातला कुठलाही अरुंद होऊ शकतो किंवा गळू शकतो, आणि हे सौम्य, मध्यम, तीव्र अशा कुठल्याही पायरीवर असू शकतं. टू-डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर ‘ट्रिव्हियल एमआर’ किंवा ‘ट्रेस टीआर’ (मायट्रल किंवा ट्रायकस्पिड व्हॉल्व्हची किंचित गळती) लिहिलेलं बघून गर्भगळीत झालेली माणसं पुष्कळ भेटतात. एवढीशी गळती धडधाकट माणसांतही सर्रास दिसते. बाकी इको ठीक असेल तर त्यासाठी सिंहगड सोडायचं काही कारण नाही. मायट्रल व्हॉल्व्ह प्रोलॅप्स (मिटताना व्हॉल्व्हची पाकळी मागे झुकणं) म्हणून ज्याची भीती घातली जाते, त्यातलेही बहुतेक जण सगळा व्यायाम करू शकतात. मात्र कधी शुद्ध हरपली असेल, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल किंवा ठोक्यांची लय बिघडत असेल, तर आधी नीट तपासणी.

खरी सावधगिरी हवी ती महाधमनीच्या तोंडाशी असलेला एओर्टिक व्हॉल्व्ह आकसलेला असतो तेव्हा. धडधाकट माणसात हा व्हॉल्व्ह साधारण ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडतो. १ पेक्षा कमी उघडू लागला की आजार तीव्र धरतात. अशा माणसाने जिना चढायला घेतला की पायांच्या रक्तवाहिन्या नेहमीसारख्या रुंदावतात, त्यांना जास्त रक्त हवं असतं. पण वाटच अरुंद, त्यामुळे हृदयाला पुरवठा हवा तेवढा वाढवता येत नाही. रक्तदाब वर जायच्या ऐवजी घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, कधी माणूस पायरीवरच कोसळतो. इथे ‘जोर लावू नका’ हा सल्ला रास्तच आहे.

मायट्रल व्हॉल्व्ह अरुंद असेल तर गोष्ट निराळी. तिथे घात करतो तो वेग. दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात रक्त वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात उतरतं. नाडी वाढली की तो विसावा आखडतो, रक्त मागे तुंबतं आणि फुप्फुसांवर दाब येतो. म्हणून अशी बाई सपाट रस्त्यावर आरामात चालते, पण लोकल पकडायला पुलावरून धावली की तिला धाप आवरत नाही. हा रुमॅटिक तापाचा वारसा बायकांमध्ये जास्त दिसतो आणि कित्येकींना पत्ता लागतो तो पहिल्या गरोदरपणात.

गळणाऱ्या व्हॉल्व्हला लयीतला व्यायाम, म्हणजे चालणं, सायकल, पोहणं, तुलनेने बरा मानवतो. चालत्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्ताला पुढे जायला अडथळा कमी होतो. वजन उचलून दम धरला की नेमकं उलटं होतं: दाब उसळतो आणि एओर्टिक किंवा मायट्रल व्हॉल्व्ह गळका असेल तर जास्त रक्त मागे फिरतं. भरलेला घरगुती सिलिंडर जवळपास ३० किलोचा असतो. १४.२ किलो गॅस आणि वर लोखंडाचं वजन. गळती तीव्र असलेल्या बाईला रोजचं चालणं बंद करायला लावणारं घर तो सिलिंडर मात्र तिलाच ओढायला लावतं.

शंभरात एका-दोघांचा एओर्टिक व्हॉल्व्ह जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्यांचा असतो. त्यांनी जिमचं कार्ड काढण्याआधी महाधमनी फुगलेली नाही ना, हे बघून घ्यावं. फुगलेली असेल तर जड वजनं बंद. जिममधली पोरं इथे आर्नॉल्ड श्वार्झनेगरचं नाव काढतात. त्याचा व्हॉल्व्ह असाच होता हे खरं. पण १९९७ मध्ये त्याचं ऑपरेशन झालं, आणि २०१८ आणि २०२० मध्ये पुन्हा व्हॉल्व्ह बदलावे लागले. त्याच्या उदाहरणावरून व्यायाम बंदही ठरत नाही आणि बिनधास्तही ठरत नाही.

युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं याच पायऱ्यांनी जातात. एओर्टिक व्हॉल्व्ह सौम्य अरुंद आणि बाकी सगळं ठीक, तर कुठलाही खेळ. मध्यम असेल तर हलका ते मध्यम. तीव्र आहे पण त्रास नाही, तर हलकाफुलका. त्रास सुरू झाला असेल तर खेळ बाजूला ठेवून आधी व्हॉल्व्हचा इलाज. ‘सगळं वर्ज्य’ हे वाक्य त्यात बसायला जागाच नाही.

‘त्रास नाही, मग तपासणी कशाला?’

मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हा, कारण तो शहाणपणाचा वाटतो.

एओर्टिक व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं आकसत जातो आणि माणसाला कळत नाही. कळत नाही याचं एक कारण हृदय तग धरतं. दुसरं कारण माणूस स्वतःलाच आवरतो. आजोबा मंडईत जायचे थांबतात, ‘आता गर्दी सोसवत नाही’. आजी देवळाच्या पायऱ्या सोडून खालूनच नमस्कार करते. विचारलं तर दोघंही म्हणतात, काही त्रास नाही, वय झालं. म्हणून ‘दम लागतो का’ हा प्रश्न अपुरा आहे. गेल्या दिवाळीत जे करत होतात ते या दिवाळीत करता का, असं विचारा. तेवढंच अंतर, तेवढाच जिना. बेताचं, नियमित चालणं इथे दुहेरी कामाला येतं: नेहमीच्या रस्त्यावर मध्येच थांबावं लागू लागलं की बदल ध्यानात येतो. घरात बसणाऱ्याला तो कळायचाच नाही.

आणि कळण्याला घाई असते. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, धाप लागणं ही लक्षणं सुरू झाल्यावर व्हॉल्व्ह तसाच ठेवला तर सरासरी दोन ते पाच वर्षं हाती राहतात, हे रॉस आणि ब्राउनवाल्ड या अमेरिकी डॉक्टरांनी १९६८ सालीच मांडलं होतं. आज छाती उघडून किंवा मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून व्हॉल्व्ह बदलता येतो. वेळेवर पोचलं तर.

आजार सौम्य असेल तर तीन ते पाच वर्षांनी, मध्यम असेल तर वर्षा-दोन वर्षांनी, तीव्र असेल तर सहा महिने ते वर्षभरात इको पुन्हा करतात. इको तीव्र सांगतो आणि माणूस ‘मी ठणठणीत’ म्हणतो, तेव्हा डॉक्टर कधी कधी स्वतः उभं राहून ट्रेडमिलवर चालवून बघतात, बीपी चढतोय की उतरतोय ते पाहतात. ज्याला आधीच त्रास होतोय त्याला ट्रेडमिलवर चढवत नाहीत. आणि हा प्रयोग घरच्या ट्रेडमिलवर अजिबात करू नये.

‘कपालभातीने व्हॉल्व्ह मोकळा होतो’

होत नाही. एकमेकींना चिकटलेल्या किंवा कॅल्शियमने दगड झालेल्या पाकळ्या श्वासाच्या झटक्याने सुटत नाहीत. अरुंद मायट्रल व्हॉल्व्ह ऑपरेशनशिवाय उघडायचा एक सिद्ध मार्ग आहे: मांडीतून फुगा नेऊन तो व्हॉल्व्हमध्ये फुगवणं. जपानच्या कांजी इनोऊए यांनी १९८० च्या दशकात तो रूढ केला आणि भारतात तो ठिकठिकाणी होतो.

शांत, संथ श्वसनाला कुणाची हरकत नाही. हरकत आहे ती श्वास कोंडून जोर लावण्याला. कोंडलेल्या श्वासात हृदयाकडे येणारं रक्त घटतं, दाब खाली जातो, श्वास सोडल्यावर उसळतो. अरुंद व्हॉल्व्हला हे हेलकावे सोसत नाहीत. त्यामुळे तीव्र आजारात कुंभक, भस्त्रिका, जोराची कपालभाती, शीर्षासन नको. शौचाला कुंथणंही याच यादीत येतं, पण ते कुठल्या फॉरवर्डमध्ये येत नाही.

‘२२० वजा वय’

ठोक्यांचा वेग आवरणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नाडी त्या आकड्याच्या आसपासही जाणार नाही, आणि लय बिघडलेली असेल तर मनगटावरचं घड्याळ काहीही दाखवेल. त्यापेक्षा चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. गाणं म्हणता येत नाही पण पूर्ण वाक्य बोलता येतं, इतपत वेग बहुतेकांना पुरतो. सुरुवात पाच-दहा मिनिटं सावकाश, शेवटही तसाच. एकदम थांबलं की रक्त पायात साचून भोवळ येते. छातीत दाब, अंधारी, धडधड किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप आली तर बसायचं, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

‘ऑपरेशननंतर सहा महिने हलू नका’

रुग्णालयातच, ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत, धरून चालवायला सुरुवात होते. जपायचं असतं ते छातीच्या मधल्या हाडाला. ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, पक्कं व्हायला तीनेक महिने. तोवर भरलेली बादली, नातवाला कडेवर घेणं, दंडबैठका नको. स्कूटर डॉक्टर हो म्हणतील तेव्हा. पायांना यातली कुठलीच बंदी नाही. डेन्मार्कमध्ये व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालेल्या १४७ जणांवर एक चाचणी झाली, निष्कर्ष २०१६ मध्ये आले. ज्यांच्याकडून देखरेखीखाली व्यायाम करून घेतला त्यांची ताकद चार महिन्यांनी इतरांपेक्षा चांगली होती. मनावर मात्र त्याचा वेगळा परिणाम दिसला नाही, हेही त्यात प्रामाणिकपणे नोंदलं आहे.

‘पालेभाजी सोडा, दगदगीच्या दिवशी गोळी सोडा’

पालेभाजी सोडायची नाही, तिचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं. महिनाभर मेथी बंद आणि मग आठवडाभर रोज पालक, यानेच आयएनआरचा, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणाऱ्या तपासणीचा, आकडा हेलकावे खातो. रक्त पातळ असल्यावर टाळायचे ते मार लागणारे खेळ: कबड्डी, कुस्ती, दहीहंडीचे थर. सायकल चालते, हेल्मेट घालून.

गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही नाही सोडायची. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेला आणि १९९० पासून वापरात असलेला आपला चित्रा व्हॉल्व्ह असो की परदेशी, धातूच्या व्हॉल्व्हवर गोळीशिवाय गुठळी धरते आणि त्यातली उघडझाप करणारी तबकडी अडकू शकते. असा व्हॉल्व्ह बसवलेल्यांना शांत खोलीत त्याची टिकटिक ऐकू येते. ती अचानक दबली आणि सोबत धाप लागू लागली, तर सकाळची वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं.