बैलाचे तोंड कोणीकडे?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करणाऱ्या माझ्या मामांनी परवा रात्री साडेदहाला फोन केला आणि त्यांच्या पिशवीवरच्या बोधचिन्हातला बैल उलट्या दिशेला फिरवून द्यायला सांगितले. बैल डावीकडे पाहतो, एवढाच त्याचा गुन्हा. ‘मोठ्या कंपन्यांच्या लोगोंमागील रहस्य’ हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. बोधचिन्हे काढूनच माझे पोट चालत असल्याने त्याला उत्तर देणे भाग आहे.

मजकुराचा पहिला दावा असा, की अ‍ॅपलच्या सफरचंदाचा चावा ही मृत्यूवेळी ज्यांच्याजवळ अर्धवट खाल्लेले सफरचंद सापडले, त्या गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांना वाहिलेली श्रद्धांजली आहे. ते चिन्ह १९७७ मध्ये काढणारे रॉब जॅनॉफ यांनी स्वतःच मुलाखतींत याचा इन्कार केला आहे. लहान आकारात सफरचंद चेरीसारखे दिसू नये म्हणून त्यांनी तो चावा ठेवला. ‘बाइट’ या संगणकीय शब्दाशी जुळणारा श्लेषसुद्धा त्यांना सहकाऱ्याकडून नंतर कळला. अर्थ मागाहून चिकटतात, हे यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे. बीएमडब्ल्यूच्या चिन्हातील ‘विमानाचा पंखा’ही तसाच: निळा-पांढरा रंग जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांताचा आहे आणि पंख्याची कल्पना १९२९ च्या जाहिरातीने रुजवली.

फेडेक्स या कुरिअर कंपनीच्या नावातील ‘ई’ आणि ‘एक्स’ या अक्षरांमध्ये लपलेला बाण मात्र खरा आहे, तो १९९४ मध्ये लिंडन लीडर यांनी जाणूनबुजून साधला, हे मान्य करावे लागते. पण याच कंपनीच्या अरबी लोगोत तो बाण डावीकडे जातो, कारण ती लिपी उजवीकडून डावीकडे वाचली जाते. म्हणजे दिशा वाचणाऱ्याच्या डोळ्याची असते, नशिबाची नव्हे.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मामांची झोप उडाली: ‘डावीकडे तोंड असलेले चिन्ह पैसा बाहेर घालवते, ते आजच बदला.’ फेरारीचा घोडा डावीकडे तोंड करून उभा आहे. त्या कंपनीचा पैसा कुठे गेला, ते कोणी सांगावे. आपल्या बहुतेक देव्हाऱ्यांतला गणपतीही डाव्या सोंडेचाच असतो आणि घरोघरी तोच शुभ मानतात.

खरे नुकसान वेगळेच आहे. मामांच्या गोदामात बारदानावर पत्र्याच्या साच्याने शाईचा बैल उमटवतात आणि ज्या हमालांना अक्षर लागत नाही, ते पोत्यांच्या थप्पीतून मामांचा माल त्या बैलावरूनच ओढून काढतात. त्याचे शिंग साच्यात जरा मोडले आहे आणि तेही आता ओळखीचा भाग झाले आहे. बाजाराने यालाच ‘छाप’ म्हटले, कारण ती मालावर आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यात अशी दोन्हीकडे उमटते. शिवाय हे चिन्ह नोंदणीकृत आहे. ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट, १९९९ च्या कलम ५९ प्रमाणे चिन्हाची ओळख मोठ्या प्रमाणात बदलणारा फेरफार जुन्या नोंदणीत करता येत नाही. बैल फिरवणे त्यात बसते की नाही, याचा वाद निबंधकांसमोर घालण्याची हौस मला नाही.

रंग आणि ‘सुवर्ण गुणोत्तर’ (आकारांचे आदर्श मानले जाणारे प्रमाण) यांविषयीच्या उरलेल्या ओळी इतक्या मोघम आहेत, की त्यांत खोडण्यासारखेही काही सापडत नाही.

साचा मी बदललेला नाही. मामांनी मात्र तो मजकूर यार्डातल्या अकरा जणांना पुढे पाठवून झाला आहे आणि त्यांतल्या दोघांचे फोन मला आज सकाळीच आले.